एपीआयच्या ऑटोमेटेड चाचण्या आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृत्रिम बुद्धिमत्तेने एपीआयच्या चाचण्या तयार करायच्या, म्हणजे नेमके काय करायचे?

एपीआय म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडे विनंती पाठवून काम करून घेण्याची ठरलेली सोय. एपीआयची कोणतीही चाचणी तीन भागांची असते. पहिला भाग म्हणजे पूर्वतयारी : कोणता वापरकर्ता लॉगिन केलेला आहे, डेटाबेसमध्ये कोणत्या नोंदी आहेत. दुसरा भाग म्हणजे विनंती, आणि तिसरा म्हणजे अपेक्षा, म्हणजेच कोणता स्टेटस कोड (विनंतीचे काय झाले हे सांगणारा तीन अंकी क्रमांक) यावा, प्रतिसादात काय असावे आणि सर्व्हरवर काय बदललेले असावे. एपीआयचे वर्णन, काही उदाहरणे आणि आपल्या सूचना वाचून भाषा मॉडेल (मजकूर आणि कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता) हे तिन्ही भाग कोडच्या स्वरूपात लिहून देते. पायटेस्ट, जेयुनिट, रेस्ट ॲश्युअर्ड, पोस्टमन किंवा प्लेराइट यांपैकी जे साधन आपण आधीपासून वापरतो, त्याच साधनात हा कोड मिळू शकतो.

पहिले दोन भाग मॉडेल सहसा चांगले लिहिते. तिसऱ्या भागाची गोष्ट वेगळी आहे, आणि या पानावरील बहुतेक उत्तरे शेवटी त्या तिसऱ्या भागाकडेच येतात. अपेक्षा काय असावी हे एपीआयच्या बाहेरून, म्हणजे नियम ठरवणाऱ्यांकडून यावे लागते. ती अपेक्षा मॉडेलने आपल्या मनाने भरली, तर चाचणी दिसायला पूर्ण असते, पण ती कशाचीही खात्री देत नाही.

चाचण्या आपोआप तयार करणारी साधने आधीही होती. मग यात नवीन काय आहे?

होती, आणि ती आजही उपयोगाची आहेत. २००० साली हॅस्केल भाषेसाठी प्रसिद्ध झालेल्या क्विकचेकने गुणधर्म सांगून यादृच्छिक इनपुट तयार करण्याची पद्धत रूढ केली. पायथनमधील हायपोथेसिस त्याच परंपरेतले आहे, आणि हायपोथेसिसच्या पायावर उभे असलेले स्कीमाथेसिस ओपनएपीआय या ठरावीक स्वरूपात लिहिलेले एपीआयचे वर्णन वाचून स्वतःच शेकडो विनंत्या तयार करते. मायक्रोसॉफ्ट रिसर्चचे रेस्टलर एका विनंतीच्या प्रतिसादातून मिळालेला आयडी पुढच्या विनंतीत वापरून विनंत्यांच्या साखळ्या बनवते, तर इव्होमास्टर उत्क्रांती अल्गोरिदम (चांगल्या चाचण्या निवडून त्यांत बदल करत जाणारी पद्धत) वापरून कोडच्या न पोहोचलेल्या भागांपर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न करते.

या साधनांना इनपुटचा आकार कळतो, अर्थ कळत नाही. 'प्रवासाची तारीख' आणि 'परतीची तारीख' या दोन्ही जागी वैध तारखा टाकणे त्यांना जमते, परंतु परतीची तारीख आधीची असू नये हे वर्णनात कुठे लिहिलेले नसेल, तर त्यांना ते सुचणार नाही. भाषा मॉडेलला नावांवरूनच तसा अंदाज बांधता येतो, आणि खरे नावीन्य तेवढेच आहे. उलट बाजूने पाहिले तर सातत्य, वेग आणि चिकाटी या बाबतीत जुनी साधने मॉडेलपेक्षा कितीतरी सरस आहेत. सर्व्हर कोणत्या इनपुटवर ५०० (सर्व्हरची अंतर्गत त्रुटी) देऊन कोलमडतो हे शोधायचे असेल, तर मॉडेलला विचारण्याआधी स्कीमाथेसिस चालवावे.

मॉडेलला काय काय माहिती द्यावी? ओपनएपीआयची फाइल पुरेशी आहे का?

सुरुवातीला पुरेशी आहे, शेवटपर्यंत नाही. स्वॅगर या नावाने सुरू झालेले आणि पुढे ओपनएपीआय या नावाने स्वतंत्र झालेले हे वर्णन कोणता एंडपॉइंट (विनंती पाठवण्याचा पत्ता) आहे, कोणते क्षेत्र (माहितीचा रकाना) अनिवार्य आहे, कोणता प्रकार आणि कोणती मर्यादा आहे हे सांगते. क्षेत्रांचे परस्परसंबंध, कोणी काय पाहू शकतो याचे नियम आणि एका कृतीचा दुसऱ्या नोंदीवर होणारा परिणाम या गोष्टी त्यात क्वचितच सापडतात. शिवाय प्रत्यक्षातल्या अनेक वर्णन-फायली अर्धवट असतात : सर्व क्षेत्रांचा प्रकार 'स्ट्रिंग', मर्यादा कुठेच नाही, आणि त्रुटींचे प्रतिसाद लिहिलेलेच नाहीत. अशी फाइल दिली तर मॉडेल मोकळ्या जागा स्वतःच्या कल्पनेने भरते आणि ती कल्पना इतक्या आत्मविश्वासाने लिहिते की वाचणाऱ्याला ती कल्पना आहे हे कळत नाही.

म्हणून वर्णनासोबत व्यवहाराचे नियम साध्या वाक्यांत लिहून द्यावेत. ओपनएपीआयची आवृत्ती कोणती आहे हेही सांगावे, कारण ३.० मध्ये एखादे क्षेत्र रिकामे असू शकते हे सांगण्याची पद्धत आणि २०२१ साली आलेल्या ३.१ मधली पद्धत वेगळी आहे, आणि मॉडेल या दोन्हींची सरमिसळ करते. आपल्या प्रकल्पातील दोन-तीन चांगल्या चाचण्या नमुना म्हणून दिल्या, तर नावे देण्याची शैली, पूर्वतयारीची पद्धत आणि साफसफाईची पद्धत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. शेवटी एक सूचना आवर्जून द्यावी : 'जिथे नियम स्पष्ट नसेल तिथे चाचणी लिहू नये, प्रश्न लिहावा.' माझ्या अनुभवात या एका वाक्याने सर्वांत जास्त फरक पडतो. मिळालेल्या प्रश्नांची यादी पुष्कळदा चाचण्यांपेक्षा मोलाची निघते, कारण त्या प्रश्नांची उत्तरे संघातही कोणाला ठाऊक नसतात.

सर्व्हरचा मूळ कोडच मॉडेलला दिला तर काम सोपे होणार नाही का?

सोपे होते, आणि धोका नेमका तिथेच आहे. एक उदाहरण जवळून पाहू.

बैठकीच्या खोल्यांचे आरक्षण करणारा एक एपीआय आहे असे समजा. नियम असा आहे की बैठक सुरू होण्याच्या २४ तास आधीपर्यंत आरक्षण रद्द केले, तर शुल्क लागणार नाही. म्हणजे बरोबर २४ तास उरलेले असतानाही शुल्क लागता कामा नये. कोड लिहिणाऱ्याकडून मात्र 'उरलेले तास २४ पेक्षा जास्त किंवा तेवढेच' या तुलनेऐवजी 'उरलेले तास २४ पेक्षा जास्त' अशी तुलना लिहिली गेली. मंगळवारी सकाळी १० वाजताची बैठक सोमवारी सकाळी बरोबर १० वाजता रद्द केली, की हा एपीआय शुल्क आकारतो.

आता हा कोड मॉडेलला देऊन सांगितले की याच्या सीमेवरच्या चाचण्या लिही. मॉडेल प्रामाणिकपणे कोड वाचते, २४ ही सीमा ओळखते आणि तीन चाचण्या लिहिते. २५ तास आधी रद्द केल्यास शुल्क नाही, २३ तास आधी केल्यास शुल्क आहे, आणि बरोबर २४ तास आधी केल्यासही शुल्क आहे. तिन्ही चाचण्या पास होतात. सीमा अचूक निवडली आहे, चाचणीचे नाव स्पष्ट आहे, कोड नीटनेटका आहे. फक्त तिसरी अपेक्षा नियमातून नव्हे, तर बगमधून उचललेली आहे. काही महिन्यांनी कोणी ती तुलना दुरुस्त केली, तर हीच चाचणी नापास होईल आणि दुरुस्ती करणाऱ्यालाच आपली दुरुस्ती चुकली असे वाटेल. चुकीला चाचणीचे संरक्षण मिळाले की ती काढणे मूळ चुकीपेक्षा अवघड होऊन बसते.

म्हणून कोड द्यायचाच असेल, तर तो विनंत्या आणि पूर्वतयारी लिहिण्यासाठी द्यावा. अपेक्षा मात्र नियमांच्या मजकुरातूनच घ्यायला लावाव्यात. प्रत्येक अपेक्षेच्या वर, ती कोणत्या नियमावरून आली हे टिप्पणीत लिहायला सांगावे. जिथे मॉडेलला नियम दाखवता येत नाही, ती चाचणी बाजूला काढावी. जुन्या, कोणतेही दस्तऐवज नसलेल्या प्रणालीची फेररचना करण्यापूर्वी आहे ते वर्तन टिपून ठेवण्यासाठी कोडवरून चाचण्या लिहिणे योग्यच आहे, पण त्या वेगळ्या फोल्डरमध्ये, वेगळ्या नावाने ठेवाव्यात. 'आज असे घडते' आणि 'असे घडले पाहिजे' या दोन विधानांची गल्लत होऊ देऊ नये.

स्टेटस कोडच्या बाबतीत मॉडेल कुठे चुकते?

काही चुका वारंवार दिसतात. २०४ या प्रतिसादाला मजकूर नसतो, तरीही त्यातून जेसन (डेटा पाठवण्याचे मजकूर-स्वरूप) वाचण्याचा प्रयत्न करणारी चाचणी लिहिली जाते. ओळखच पटलेली नाही तेव्हा ४०१ आणि ओळख पटली पण परवानगी नाही तेव्हा ४०३, हा भेद मॉडेलला विचारला तर नीट सांगता येतो, पण चाचण्या लिहिताना तो सुटतो. चुकीच्या इनपुटसाठी काही एपीआय ४०० देतात, काही ४२२. दोन्ही चालण्यासारखे आहेत, परंतु तुमचा एपीआय कोणता देतो हे मॉडेलला सांगितल्याशिवाय कळणार नाही. दुसऱ्याची नोंद मागितल्यावर ती अस्तित्वात आहे हेही कळू नये म्हणून काही एपीआय मुद्दाम ४०३ ऐवजी ४०४ (नोंद सापडली नाही) देतात, आणि एचटीटीपीच्या मानकात, म्हणजे २०२२ च्या आरएफसी ९११० मध्ये, त्याला मुभा आहे.

डिलीटबद्दलचा गैरसमजही सांगायला हवा. डिलीट ही पद्धत आयडेम्पोटंट आहे, म्हणून दुसऱ्यांदा केलेल्या डिलीटलाही २०४ च यायला हवे, अशी अपेक्षा मॉडेल लिहून मोकळे होते. आयडेम्पोटंट असणे म्हणजे सर्व्हरवरचा परिणाम तोच राहणे. प्रतिसाद तोच असला पाहिजे असे नाही. दुसऱ्या वेळी ४०४ येणे पूर्णपणे नियमात बसते.

कोणत्या चाचण्या चांगल्या मिळतात आणि कोणत्या निसटतात?

अनिवार्य क्षेत्र गाळणे, चुकीचा प्रकार पाठवणे, १ ते १०० अशी मर्यादा असेल तर ०, १, १०० आणि १०१ तपासणे, २९ फेब्रुवारीसारख्या तारखा, खूप मोठे पूर्णांक हे सगळे मॉडेल झटपट आणि बऱ्यापैकी पूर्ण देते. ९००७१९९२५४७४०९९१ पेक्षा मोठा आयडी जेसनमधून संख्या म्हणून पाठवला, तर जावास्क्रिप्टमध्ये त्याचे शेवटचे अंक बदलू शकतात. अशी एखादी आडवळणाची शक्यताही ते कधीकधी स्वतःहून सुचवते, आणि तेव्हा खरोखर समाधान वाटते.

निसटते ते दोन वापरकर्ते, दोन क्षण किंवा दोन विनंत्या एकत्र आल्यावर घडणारे. एका वापरकर्त्याच्या टोकनने (लॉगिननंतर मिळणाऱ्या ओळखचिन्हाने) दुसऱ्या वापरकर्त्याची नोंद मागून पाहणे ही कल्पना साधी आहे, आणि ओवास्प या सॉफ्टवेअर-सुरक्षा संस्थेच्या एपीआय सुरक्षेच्या यादीत, २०१९ मध्येही आणि २०२३ मध्येही, पहिल्या क्रमांकावर हाच दोष आहे. तरीही एकच टोकन सर्वत्र वापरून लिहिलेले चाचण्यांचे संच मी पुन्हापुन्हा पाहिले आहेत. कारण उघड आहे : नमुना म्हणून दिलेल्या चाचण्यांतही एकच वापरकर्ता होता. पूर्वतयारीतच दोन साधे वापरकर्ते आणि एक प्रशासक तयार करून ठेवावेत, आणि नोंदीचा आयडी घेणाऱ्या प्रत्येक एंडपॉइंटसाठी 'परक्या वापरकर्त्याची' चाचणी मागावी. त्या चाचणीत केवळ स्टेटस कोड पाहून थांबू नये. बदल करणारी विनंती असेल तर मूळ मालकाच्या टोकनने नोंद पुन्हा वाचून ती बदललेली नाही याची खात्री करावी.

शेवटची एकच जागा शिल्लक असताना दोन आरक्षणे एकाच क्षणी येणे, पहिले पान वाचून झाल्यावर आणि दुसरे मागण्यापूर्वी नवी नोंद जमा होणे, नेटवर्क तुटल्यामुळे तीच पोस्ट विनंती पुन्हा पाठवली जाणे, या गोष्टी नावानिशी मागाव्या लागतात. मागितल्या तर मॉडेल त्या लिहून देते.

मराठी किंवा इतर लिपींतील मजकुराच्या चाचण्या वेगळ्या मागाव्या लागतात का?

होय, कारण मॉडेलने तयार केलेली नमुना नावे बहुधा रोमन लिपीतली असतात आणि त्यामुळे लांबीच्या चुका झाकल्या जातात. 'देवनागरी' हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला त्यात पाच अक्षरे दिसतात, युनिकोडच्या हिशेबाने मात्रा आणि काने वेगळे मोजल्यामुळे त्यात आठ कोड पॉइंट (प्रत्येक चिन्हाचा वेगळा क्रमांक) आहेत, आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट लागत असल्याने तो एकूण २४ बाइटचा होतो. जेसन स्कीमातील (डेटाचा आकार सांगणाऱ्या नियमांतील) कमाल लांबी कोड पॉइंटमध्ये मोजली जाते. मागचा डेटाबेस ती बाइटमध्ये मोजत असेल, तर तपासणीतून सुखरूप गेलेले नाव साठवताना त्रुटी येते किंवा ते मध्येच तुटते. मर्यादा ५० असेल, तर बरोबर ५० कोड पॉइंटचे देवनागरी नाव पाठवून, ते परत वाचून, जसेच्या तसे आले का हे पाहणारी एक चाचणी प्रत्येक मजकूर-क्षेत्रासाठी असावी.

मिळालेल्या चाचण्या खरोखर उपयोगाच्या आहेत हे कसे ओळखावे? कव्हरेज पाहिले तर पुरे ना?

कव्हरेज, म्हणजे चाचण्यांनी कोडच्या किती ओळी चालवल्या याचे प्रमाण, एवढेच सांगते की एखादी ओळ चालली. तिचा परिणाम कोणी तपासला की नाही, हे त्यातून कळत नाही. प्रतिसाद २०० (यशस्वी) आला आणि तो रिकामा नाही, एवढ्या दोनच अपेक्षा असलेल्या चाचण्यांनीसुद्धा कव्हरेजचा आकडा भरपूर वर जातो, आणि मॉडेलला केवळ कव्हरेज वाढवायला सांगितले तर ते बरोबर याच वाटेने जाते.

त्यापेक्षा कोडमध्ये मुद्दाम एक चूक करावी आणि एखादी तरी चाचणी नापास होते का ते पाहावे. या पद्धतीला म्युटेशन टेस्टिंग म्हणतात. तिची कल्पना १९७० च्या दशकातली आहे आणि आज जावासाठी पिट, जावास्क्रिप्टसाठी स्ट्रायकर, पायथनसाठी म्युटमट अशी साधने ते काम आपोआप करतात. साधन बसवायला वेळ नसेल, तर हाताने पाच-सहा चुका करून पाहाव्यात : 'पेक्षा जास्त किंवा तेवढेच' मधले 'तेवढेच' काढावे, परवानगीची तपासणी गाळावी, क्रमवारी उलटी करावी, एक क्षेत्र प्रतिसादातून वगळावे. सर्व चाचण्या तरीही हिरव्याच राहिल्या, तर त्या कितीही संख्येने असोत, त्यांच्यावर विसंबता येणार नाही. ही तपासणी अर्ध्या दिवसात होते आणि ती टाळण्यासारखे कोणतेही कारण मला आजवर पटलेले नाही.

चाचणी नापास झाली की ती दुरुस्त करण्याचे कामही मॉडेलकडेच सोपवावे का?

निदान करण्यापुरते जरूर सोपवावे. अपेक्षा बदलण्याचा अधिकार देऊ नये. 'ही चाचणी पास होईल असे कर' असे सांगितले, तर सर्वांत जवळचा मार्ग अपेक्षित मूल्य बदलणे हाच असतो, आणि मॉडेल तो घेते. ४०३ अपेक्षित असताना २०० आला, म्हणून चाचणीतच २०० लिहिले गेले, तर एक गंभीर सुरक्षा-दोष हिरव्या खुणेखाली कायमचा झाकला गेला. एंडपॉइंटचा पत्ता बदलला, क्षेत्राचे नाव बदलले, टोकन मिळवण्याची पद्धत बदलली, अशा दुरुस्त्या मॉडेलने सुचवाव्यात. अपेक्षेची ओळ ज्या बदलात आहे, तो बदल माणसाने नियम समोर ठेवून मंजूर करावा.

त्याच चाचण्या कधी पास होतात, कधी नापास. असे का?

बहुतेक वेळा कारण सामायिक डेटा असते. एक चाचणी नोंद तयार करते, दुसरी 'एकूण नोंदी ३' अशी अपेक्षा धरते, आणि दोघींचा क्रम बदलला की निकाल बदलतो. प्रत्येक चाचणीने आपल्या नोंदी स्वतः, वेगळ्या आयडीने तयार कराव्यात आणि शेवटी काढून टाकाव्यात, अशी सूचना द्यावी. दुसरे कारण वेळ. वरच्या २४ तासांच्या उदाहरणात सर्व्हरचे घड्याळ चाचणीच्या हातात नसेल, तर बरोबर २४ वा तास गाठताच येत नाही. घड्याळ बाहेरून देण्याची सोय कोडमध्ये करावी लागते. ठरावीक सेकंद थांबून पुढे जाणारी चाचणी मॉडेलने दिली, तर ती परत पाठवावी.

पाइपलाइन चालताना दर वेळी नव्या चाचण्या तयार कराव्यात का?

नाही. पाइपलाइन म्हणजे कोड बदलला की चाचण्या आपोआप चालवणारी यंत्रणा. तयार करणे एकदा, चालवणे अनेकदा. एकाच सूचनेवर मॉडेल दोनदा वेगळी चाचणी देऊ शकते, आणि कालचा निकाल आजच्या निकालाशी ताडता आला नाही तर पाइपलाइनचा अर्थच उरत नाही. तयार झालेल्या चाचण्या इतर कोडप्रमाणेच तपासून गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या साठवणाऱ्या साधनात) ठेवाव्यात.

प्रत्यक्ष वापरातील विनंत्या नमुना म्हणून मॉडेलला देता येतील का?

जशाच्या तशा कधीही देऊ नयेत. ब्राउझरमधून साठवलेल्या हार फाइलमध्ये (विनंत्या आणि प्रतिसादांच्या नोंदीत) कुकीज, ऑथरायझेशन हेडर आणि लोकांची खासगी माहिती असू शकते. आधी ही माहिती बनावट मूल्यांनी बदलावी, आणि बदलतानाही तिचा आकार राखावा, म्हणजे मोबाइल क्रमांकाच्या जागी तितक्याच अंकांची संख्या यावी. टोकन चुकून बाहेर गेले असेल, तर ते लगेच रद्द करावे.

ग्राफक्यूएललाही हेच लागू पडते का?

ग्राफक्यूएल ही एपीआयची अशी पद्धत आहे, जिच्यात मागणारा हवी ती क्षेत्रे स्वतः सांगतो. बरेचसे लागू पडते, पण स्टेटस कोडवर अवलंबून असलेल्या चाचण्या तिथे निरुपयोगी ठरू शकतात. ग्राफक्यूएलमध्ये एखादे क्षेत्र मिळवताना त्रुटी आली, तरी एचटीटीपीचा प्रतिसाद सामान्यतः २०० च असतो आणि त्रुटी प्रतिसादातील 'एरर्स' या यादीत येते, सोबत अर्धवट डेटाही येऊ शकतो. रेस्टच्या, म्हणजे वर पाहिलेल्या नेहमीच्या एपीआय-शैलीच्या, सवयीने मॉडेल २०० पाहून चाचणी पास करते. म्हणून प्रत्येक चाचणीत ती यादी आहे की नाही हे आधी तपासायला लावावे, आणि जिथे त्रुटी अपेक्षित आहे तिथे ती नेमक्या कोणत्या क्षेत्रावर आली हे त्रुटीसोबतच्या पाथवरून पाहावे.